आठ महिन्यांनी: खिशातली सोनोग्राफी, गुडघ्याचे लिगामेंट आणि मे महिना

खिशात मावणारा सोनोग्राफीचा प्रोब घेऊन आठ महिने झाले. लिहायचा कंटाळाच केला असता. पण मे महिन्यात तो ऐन तपासणीत तिसऱ्यांदा बंद पडला आणि कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, एसीत वापरा ना." अहो, माझी ओपीडी बीड जिल्ह्यात आहे. बाहेर बेचाळीस, आत कूलर, आणि दुपारी लाइट जाते ते वेगळंच. माहितीपुस्तकात बारीक अक्षरात ३५ अंशांपर्यंतच वापरा असं छापलंय. हे विकताना सांगायचं असतं.

वायरलेस लिनिअर प्रोब आहे, म्हणजे अंगावर टेकवायचा, सपाट तोंडाचा, वायर नसलेला.

घेतला एमआरआयचा खर्च टळावा म्हणून. कबड्डीत गुडघा मुरगळलेलं पोरगं येतं, बाप विचारतो, "फोटूत काय दिसालंय का, साहेब?" एक्स-रेत लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणारी दोरी, दिसत नाही हे समजावून पुढे एमआरआय लिहायचा, म्हणजे चार-पाच हजार आणि एका दिवसाची मजुरी. जिवावर येतं.

पहिले दोन महिने मी खूश होतो, तेही चुकीच्या कारणानं. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेला लिगामेंट, दिसतोय असं वाटायचं. तो खोल, तिरका, हाडांच्या आड. त्यात प्रोब जरा कलला की धडधाकट लिगामेंटही काळा, फाटल्यासारखा दिसतो. असाच एक मी फाटलेला ठरवला, एमआरआय नॉर्मल आला. बापाचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून एसीएलसाठी हातानं लॅकमन टेस्ट (गुडघा जरा वाकवून नडगी पुढे ओढून बघायची), आणि मशीन फक्त वाटीच्या वर पाणी साठलंय का ते बघायला. मार लागून दोन तासांत गुडघा टम्म फुगला असेल तर मुकाट्यानं एमआरआय लिहितो.

एमसीएलला, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या कडेच्या लिगामेंटला, मात्र पैसे वसूल. गुडघा तीसेक अंश वाकवायचा, आतल्या बाजूला प्रोब उभा धरायचा, आणि आमचे कंपाउंडर मामा पाय बाहेरच्या बाजूला ओढतात. मला दोनच हात. सांध्याची फट डोळ्यांदेखत उघडते. मग चांगला गुडघा तसाच बघायचा आणि दोन्हींतला फरक मोजायचा. एमआरआयमध्ये पाय निपचित पडलेला असतो, तिथं ही उघडझाप कुठून दिसणार? बापाला स्क्रीन दाखवली की गुडघ्याला पट्टा कशाला म्हणून वाद होत नाही.

आणि नेमकी फट उघडली की प्रोब तापून बंद! मी शक्कल काढली, जेलची बाटली फ्रिजमध्ये धनुर्वाताच्या (टीटी) इंजेक्शनांशेजारी ठेवली. प्रोब जरा जास्त टिकला. पण गार जेल लागताच पेशंट दचकून मांडी आवळतो, मग मामांनी कितीही ओढलं तरी फट उघडत नाही. फाटलेला एमसीएलही शहाण्यासारखा दिसतो. बाटली परत बाहेर.

"पुण्याला पाठवून द्या, बघतो," असं सर्व्हिसवाले म्हणतात. पीसीपीएनडीटीत, म्हणजे गर्भलिंग तपासणीला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली, नोंदलेलं मशीन आहे, कुरिअरनं पाठवायला मिक्सर नव्हे. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. नियम कडक असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग जाहिरातीत "बॅगेत टाका, मैदानावर न्या" कशाला? मैदानावर नेलं तर मीच आत.

सध्या गुडघ्याच्या पेशंटना सकाळी साडेसातला बोलावतो. मामा कुरकुरतात, पण वेळेवर येतात.