ओसीडीसाठी कोणतं अ‍ॅनिमल मॉडेल? सिनॉप्सिस लिहिण्याआधी

खारघर असो, नेरूळ असो की वाशी, फार्मसी कॉलेजात ओसीडीचा (नको तो विचार मनातून जात नाही आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा केली जाते, तो आजार) विषय निघाला की एम.फार्म.ची मुलं डोळे झाकून गोट्या पुरण्याचं मॉडेल धरतात. (मॉडेल म्हणजे आजारासारखं वागणं प्राण्यात बघून औषध तपासायची पद्धत.) स्वस्त पडतं, लवकर उरकतं आणि आधीच्या बॅचचा प्रोटोकॉल हाताशी असतो. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिण्याआधी याला पर्याय कोणते आणि ते दोन सेमिस्टरमध्ये पेलतील का, एवढंच इथे बघू.

आधी एक मर्यादा. ‘गॅस बंद केला ना?’ हा विचार माउसच्या डोक्यात घोळतोय की नाही, हे मोजायची सोय नाही. प्राण्यात दिसते ती कृती, म्हणजे कम्पल्शनची, तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहण्याची बाजू. म्हणून प्रत्येक मॉडेलला तीन प्रश्न विचारायचे: वागणं आजारासारखं दिसतं का, माणसाला लागू पडणारी औषधं इथेही लागू पडतात का, आणि मेंदूत बिघाड त्याच जागी आहे का. तिन्हींत पैकीच्या पैकी गुण कोणालाच मिळत नाहीत.

गोट्यांचं मॉडेल सगळ्यांना माहीत आहे. पिंजऱ्यात साधारण 5 सेंमी भुसा, वर 20 गोट्या, आत एक माउस आणि 30 मिनिटं. दोन-तृतीयांश झाकली गेली की गोटी पुरली असं धरायचं. ओसीडीवर दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटिनच्या एकाच डोसने आकडा खाली येतो आणि मला खटकतं ते नेमकं हेच. ओसीडीच्या पेशंटला हे औषध बहुतेकदा वरच्या डोसमध्ये 8 ते 12 आठवडे दिल्याशिवाय गुण आला की नाही ते सांगता येत नाही. चिंता कमी करणाऱ्या डायझेपामनेही गोट्या कमी पुरल्या जातात, पण डायझेपाम हा काही ओसीडीवरचा इलाज नाही. शिवाय बाजूला मोकळी जागा दिली तरी माउस गोट्यांपासून लांब जात नाही, म्हणजे तो त्यांना घाबरून पुरतो या म्हणण्यालाही फारसा आधार उरत नाही. उकरणं हा त्याचा स्वभाव. तो उकरतो आणि गोट्या भुशाखाली जातात.

तरी स्क्रीनिंगपुरतं हे मॉडेल मी बाद करणार नाही. मात्र त्याच प्राण्यांची हालचाल अ‍ॅक्टोफोटोमीटरवर (प्राणी किती हलला ते प्रकाशकिरणांनी मोजणाऱ्या यंत्रावर) मोजाच. वनस्पतीच्या अर्काने माउस नुसता सुस्तावला तरी गोट्या वरच राहतात, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, पहिलं बोट तिथेच ठेवतात. जमलं तर डोस एकदाच न देता काही आठवडे द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात भुसा दमट होऊन दबतो आणि उकरणं बदलतं, त्यामुळे कंट्रोल आणि औषधाचा ग्रुप एकाच दिवशी, एकाच पोत्यातल्या कोरड्या भुशावर घ्या. (गणपतीत बाहेर ढोल-ताशे चालू असताना तर कुठलीच बिहेवियर टेस्ट लावू नका.)

क्विनपिरोलचं मॉडेल रॅटवर होतं. हेन्री शेख्टमन आणि सहकाऱ्यांनी ते 1998 मध्ये मांडलं. क्विनपिरोल हे रसायन मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहकाच्या डी2 आणि डी3 रिसेप्टरवर काम करतं. डोस 0.5 मिग्रॅ प्रति किलो, त्वचेखाली, आठवड्यातून साधारण दोनदा. अशी 8 ते 10 इंजेक्शनं. प्रत्येक वेळी रॅटला 160 सेंमी लांबी-रुंदीच्या उघड्या टेबलावर सोडायचं, ज्यावर चार छोट्या वस्तू ठेवलेल्या असतात. औषधाऐवजी नुसतं सलाइन दिलेला रॅट टेबलभर हिंडतो, मधूनच थांबतो. क्विनपिरोलवाला एकदोन जागा धरून बसतो: तिथून निघतो, मोजक्याच ठिकाणी थांबतो आणि लगेच परततो, पुन्हा निघतो, पुन्हा परततो. कुलूप लावून जिना उतरलेला माणूस परत वर येऊन कडी ओढून बघतो, त्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं मॉडेल माझ्या तरी बघण्यात नाही. ओसीडीवरच्या क्लोमिप्रामिन या औषधाने हे वागणं काही अंशीच आटोक्यात येतं. पेशंटमध्येही सगळे पूर्ण बरे होत नाहीत, त्यामुळे मला ही अर्धवट सुधारणा जास्त विश्वासाची वाटते. उणी बाजू म्हणजे सगळा डोलारा डोपामिनवर उभा आहे आणि रॅट एकूणच जास्त पळतो. म्हणून नुसत्या फेऱ्या मोजून भागत नाही. परत यायला किती वेळ लागला आणि मध्ये तो किती ठिकाणी थांबला, हेही मोजावं लागतं. व्हिडिओ ट्रॅकिंगचं महागडं सॉफ्टवेअर नसेल तर वर मोबाइल टांगा आणि ‘बोरिस’ या फुकट सॉफ्टवेअरवर हाताने स्कोअर करा; फक्त स्कोअर करणाऱ्याला ग्रुप कळता कामा नये.

जनुकीय माइसची भुरळ सगळ्यांनाच पडते. 2007 मध्ये गुओपिंग फेंग यांच्या गटाने सॅपॅप3 जनुक काढलेले माइस दाखवले: तोंड घासून घासून जखमा करणारे, उजेडाला बिचकणारे. फ्लुओक्सेटिनने ते सुधारले, आणि स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागात जनुक परत घातल्यावरही सुधारले. मेंदूतली जागा इतकी नेमकी हाती लागणं ही मोठी गोष्ट होती. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन पेपर आले. एकात पुढच्या मेंदूतून स्ट्रायटमकडे जाणाऱ्या तंतूंना रोज काही मिनिटं प्रकाशाने उत्तेजना दिली तर घासणं दिवसागणिक वाढलं. दुसऱ्यात सॅपॅप3 माइसच्या शेजारच्याच मार्गाला उत्तेजना दिली तर ते कमी झालं. सर्किट म्हणजे एक सरळ वायर नव्हे, हे यातून कळतं. पण माणसांत या जनुकाचा धागा ओसीडीपेक्षा केस उपटणं, कातडी ओरबाडणं अशा सवयींशी जास्त जुळताना दिसला आहे. आणि माइस बाहेरून आणणं, कॉलनी वाढवणं, प्रत्येक पिल्लाचं जीनोटायपिंग (जनुक खरंच काढलं गेलंय का याची तपासणी) करणं हे सगळं दोन सेमिस्टरमध्ये बसत नाही. पीएच.डी.साठी ठेवा.

सिग्नल अटेन्युएशन (दाणा येत असल्याची खूण कमजोर केल्यावर रॅट दांडी दाबतच राहतो, ते मॉडेल) करायचं तर लिव्हरचे ऑपरंट चेंबर, म्हणजे दांडी दाबून दाणा मिळवायचे पिंजरे लागतात. कॉलेजात असतील तर विचार करा, नाहीतर सोडा. डॉबरमनची अंग चोखण्याची सवय आणि 2010 मध्ये सापडलेलं तिचं सीडीएच2 जनुक वाचायला सुरेख आहे, पण तो व्हेटर्नरीवाल्यांचा प्रांत.

तेव्हा हातात नवा अर्क किंवा रेणू असेल आणि त्याचा काही परिणाम आहे का एवढंच बघायचं असेल, तर गोट्या घ्या, पण शीर्षकात ‘ओसीडी बरा करणारा’ असलं काही लिहू नका. प्रश्न आजाराचा असेल, किंवा पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत प्रीक्लिनिकलची (माणसांआधी प्राण्यांवर औषध तपासण्याच्या कामाची) मुलाखत द्यायची असेल, तर क्विनपिरोल घ्या. पाच-सहा आठवड्यांचा व्हिडिओ डेटा दाखवता आला की बोलायला काहीतरी असतं. एथिक्स कमिटीपुढे रॅट किती आणि का लागतात याचं गणित आधी करून ठेवा. आणि क्विनपिरोल बाहेरून येतं, मिलिग्रॅमच्या भावात येतं आणि निवांत येतं. कोटेशन सिनॉप्सिस मंजूर होण्याआधीच मागवा.