मुलांच्या संधिवाताचा दवाखाना, छत्रपती संभाजीनगर

लेकीला लहानपणीचा संधिवात, जेआयए आहे. जालन्याहून आम्ही इथं येतो ते इथल्या फॉर्ममुळं. तपासणीआधी सिस्टर सीएचएक्यू, म्हणजे मुलाला रोजची कामं जमतात का हे विचारणारा फॉर्म, भरून घेतात: बटणं लावता येतात का, नळ फिरवता येतो का. गुण 0 ते 3, जास्त म्हणजे त्रास जास्त. दुखण्याची 0 ते 10 ची पट्टी मात्र लेकीला वेगळी, मला वेगळी. मी 3 वर खूण केली, तिनं 6 वर! डॉक्टरांनी मग तिलाच विचारलं, सकाळी बोटं किती वेळ आखडलेली राहतात. आधीच्या दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल म्हणून 'पोरगी नाटकं करते' ऐकून घेतलंय, त्यामुळं मला याचं फार मोल वाटतं. मांडी घालून बसण्याचा प्रश्न फॉर्मात हवाच. शाळेत पोरं सतरंजीवर बसतात. सोमवारी गर्दी फार, डबा सोबत न्या.