समेची वाट बघत सात महिने: ओकलंडमधला आफ्रो-क्युबन नाचवर्ग

‘क्युबन’ शब्द वाचून मी साल्साच्या अपेक्षेने गेले होते. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर समोर तीन वादक मांडीवर आडवे, दोन्ही तोंडांचे ढोल घेऊन बसलेले, आणि शिकवणाऱ्या बाई अनवाणी. परत फिरावं असं क्षणभर वाटलं. त्याला आता सात महिने झाले. दर शनिवारी फ्रीमाँटहून बार्ट, म्हणजे इथली लोकल, पकडून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला लेक मेरिट स्टेशनवर उतरते.

शाळेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

आधी काय शिकवतात ते सांगते. साखरेच्या मळ्यांवर राबवायला क्युबात आणलेल्या आफ्रिकी माणसांनी आपले देव, ढोल आणि गाणी टिकवली. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली तीसुद्धा 1886 साली. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या ओरिशा देवतांचे नाच हा वर्गाचा एक भाग. दुसरा भाग रुंबा, म्हणजे हवाना आणि माटान्झासच्या बंदरांवरच्या, गरीब वस्त्यांमधल्या लोकांचा नाच. ढोल नसले की मासे आणि मेणबत्त्या भरून आलेली लाकडी खोकी बडवायची. युनेस्कोने 2016 मध्ये रुंबाला वारसा यादीत घेतलं, पण बाईंना त्याचं फारसं कौतुक दिसत नाही.

सुरुवात एलेगुआ या ओरिशाने होते. तो वाटा उघडणारा, लाल-काळ्या रंगाचा. पहिल्याच दिवशी ‘म्हणजे आमचा गणपती!’ म्हणून मी मोकळी झाले. बाईंनी शांतपणे विचारलं, ‘तुमचा गणपती मुद्दाम वाटेत खोड्या करतो का?’ घरी येताना आठवलं, विघ्नं आणणाराही तोच असं आपल्याकडेही म्हणतात की! पण तेव्हा गप्प बसले, आणि बरं झालं. बाई ठणकावून सांगतात की वर्गातले ढोल पूजेतले नाहीत, ही पूजा नाही आणि दीक्षा घेतलेल्यांसाठीच्या गोष्टी इथे मिळणार नाहीत. योगाच्या दुकानात ‘ओम’ छापलेल्या चपला पाहिलेल्या माझ्यासारखीला ही मर्यादा फार भावली.

आता माझी खरी अडचण. पुण्यात आठ वर्षं कथक केलं, त्यामुळे पाठीचा कणा ताठ आणि डोक्यात सतत आकडे. इथे गुडघे सैल, धड पुढे झुकलेलं, वजन जमिनीत. ते एक वेळ जमलं. पण मी सम शोधत होते आणि ती काही सापडेना. रुंबाचा सगळा डोलारा क्लावेच्या, म्हणजे दोन लाकडी काठ्यांवर सतत वाजणाऱ्या ठेक्याच्या, पाच ठोक्यांवर उभा असतो, तीन आणि दोन. त्यातला तिसरा ठोका मला वाटायचं त्यापेक्षा केसभर उशिरा पडतो. महिनाभर मी जेवणाच्या टेबलावर तो वाजवत होते. नवरा म्हणाला, ‘अगं, कोणी दार वाजवतंय का?’

मांडीवरच्या त्या दोन तोंडांच्या ढोलांना बाता म्हणतात. त्यांतला सगळ्यात मोठा तो इया, म्हणजे आई. ती हाक देते, बाकीचे दोन उत्तर देतात आणि नाचणाऱ्याने ती हाक ऐकून पाऊल बदलायचं. आम्ही भिंतीपासून तिघीतिघींच्या रांगा करून वादकांच्या दिशेने नाचत जातो. मे महिन्यात येमायाचा, म्हणजे समुद्रदेवीचा नाच चालू होता. घागऱ्याच्या लाटा हळूहळू मोठ्या होत गेल्या, इया कडाडली आणि मी न मोजता गिरकी घेतली. वादक हसला. पुढच्या शनिवारी परत सगळं हुकलं, तो भाग वेगळा.

म्हणूनच मोठी तक्रार जुलैची. बाई क्युबाला गेल्या आणि तीन आठवडे वादकांऐवजी स्पीकर आला. पैसे मात्र तेवढेच, वर्गाला 20 डॉलर. रेकॉर्डिंग काही तुमच्याकडे बघून बदलत नाही. जिवंत ढोल नसतील त्या दिवशी जाऊ नका, आधी फोन करून विचारा. दुसरी तक्रार, नवखे आणि दहा वर्षं नाचणारे एकाच वर्गात. पहिले दोन महिने मी मागच्या रांगेत नुसती धडपडत होते आणि थांबून समजावायला कोणाला वेळ नव्हता. जमीनही कडक आहे. चाळिशीनंतरच्यांनी गुडघ्यांचा विचार करून जावं.

माझा उजवा गुडघा जूनमध्ये बोललाच. तेव्हा कळलं की शाळेची सगळ्यात चांगली गोष्ट फुकट आहे! महिन्यातून एका रविवारी वस्तीसाठी खुला वर्ग असतो. शेजारची पोरं, आज्या, कुत्रं घेऊन आलेला एखादा. तिथे माटान्झासचे एक आजोबा यांबू शिकवतात. हा रुंबाचा संथ, म्हाताऱ्यांचा म्हणतात तो प्रकार. ग्वाग्वांको या रुंबाच्या दुसऱ्या प्रकारामध्ये पुरुष बाईला चकवून कमरेचा झटका देऊ बघतो आणि ती घागऱ्याने तो उडवून लावते. यांबूत तो झटका नाही. आजोबा दोन पावलं टाकतात, टोपी सावरतात आणि कमरेवर हात ठेवून थांबतात. त्या थांबण्यातसुद्धा क्लावे चुकत नाही. मी त्यांना सरळ ‘आजोबा’ म्हणते, आता तेही त्या हाकेला ओ देतात.

घागऱ्याचं राहिलं. शाळेत उसना मिळतो, पण नाडी कायम ढिली. परकर नेऊ नका, मी नेऊन पाहिला. येमायाला हात खांद्यापर्यंत वर नेले तरी कापड ताणता कामा नये, इतका घेर लागतो. शेवटी आईची जुनी निळी नऊवारी इरकल फाडून शिवला. काठ सुंदर उडतो. घेर अजून थोडा कमीच पडतोय.