लोखंडी क्रॉसचा कप: केपीएमचा घ्यावा की बिननावाचा?

बर्लिनच्या तियरगार्टनमध्ये शनिवार-रविवारी जुना बाजार भरतो. केपीएम हा १७६३ पासूनचा राजेशाही पोर्सेलिन कारखाना तिथून चालत जाण्याइतका जवळ. पहिल्या महायुद्धातली 'देशभक्त' कपबशी घ्यायची असेल तर घोळ इथूनच सुरू होतो.

चित्रं सगळीकडे साधारण तीच: १९१४ आकड्याचा लोखंडी क्रॉस (जर्मन लष्करी पदक), ओकची पानं, काळी-पांढरी-लाल पट्टी, जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म आणि ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ शेजारी शेजारी. फरक पडतो तो बुडाला.

केपीएमच्या कपाखाली झिलईच्या आत निळा राजदंड असतो, ती कारखान्याची खूण. सोबत लाल गोलाची खूण असेल तर रंगकामही कारखान्यातच झालेलं. राजदंडावर आडवी रेघ ओरखडलेली दिसली तर सावध व्हा, तो नग कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला. कोरे नग बाहेर नेऊन रंगवायचा धंदा जुनाच आहे, आणि क्रॉस रंगवायला काय लागतं? नुसत्या निळ्या राजदंडावर भाळून केपीएमचा पूर्ण भाव देऊ नका.

बिननावाच्या कपावर बहुतेक वेळा छापील चित्र चिकटवून भाजलेलं असतं. भिंग लावलं की ठिपके दिसतात, हातकामात कुंचल्याचे फटकारे. असा कप स्वस्त पडतो, आणि खरं सांगायचं तर मला तोच आवडतो. माझ्याकडच्या एकावर 'गॉट मिट उन्स' (देव आमच्यासोबत) लिहिलंय. सोनेरी कड एकाच बाजूला ओठांनी झिजलेली, कपाच्या दांड्यावरचं सोनंही पुसट. म्हणजे कोणीतरी रोज त्यातून प्यायलंय. केपीएमचे कप बहुधा कपाटातच राहिले असावेत, सोनं कसं लख्ख!

कुठलाही घ्या, टिचकी मारून बघा. टण् वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे.

त्याच टेबलावर कधी आलाखचं पोर्सेलिनही दिसतं. तो एसएसचा, म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचा कारखाना, डाखाऊच्या छळछावणीतले कैदी तिथे राबवले गेले. मी त्याला हात लावत नाही. शिवाय जर्मनीत स्वस्तिक आणि एसएसच्या खुणा उघड्यावर मिरवणं गुन्हा आहे, म्हणून विक्रेते त्यावर चिकटपट्टी लावतात.

पहिलीच खरेदी असेल तर बिननावाचा झिजका कप घ्या. केपीएमसाठी आधी वीस-पंचवीस बुडं उलटी करून पाहा. विक्रेते कुरकुरतात, कुरकुरू द्या.