रात्रीच्या गाडीत सामान कुठे ठेवाल: बर्थखाली, उशाशी की ब्रेकव्हॅनमध्ये?

रात्रीच्या गाडीत सामान कुठे ठेवायचं, हा प्रश्न बहुतेकांना डब्यात शिरल्यावर पडतो. तो सोडवायची खरी वेळ तिकीट काढताना असते, कारण तुमचा बर्थ कुठला यावर तुमची बॅग कुठे राहील आणि रात्री तिच्यावर कोणाची नजर असेल, हे बरंचसं ठरून जातं.

स्लीपर आणि थ्री एसीत आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. 1 आणि 4 खालचे, 2 आणि 5 मधले, 3 आणि 6 वरचे, 7 साइड लोअर, 8 साइड अप्पर. पुढे 9 पासून हाच क्रम. जुन्या, आयसीएफ प्रकारच्या स्लीपर डब्यात असे नऊ कप्पे म्हणजे 72 बर्थ, नव्या, एलएचबी प्रकारच्या स्लीपर डब्यात दहा म्हणजे 80. वर सामानासाठी वेगळा रॅक नसतो. आठ जणांचं मोठं सामान मावायचं ते दोन खालच्या बर्थखाली आणि साइड लोअरखाली. ही जागा खालच्या बर्थवाल्याची एकट्याची नसते, मधल्या आणि वरच्या बर्थवाल्यांचाही तिच्यावर तेवढाच हक्क असतो. "माझी सीट आहे, खाली माझंच सामान राहील" असं कोणी म्हणालं तर शांतपणे पण ठाम सांगायला हरकत नाही.

बर्थखाली

मोठ्या बॅगेसाठी याहून चांगली जागा डब्यात नाही. खालच्या बर्थची लांबी साधारण सहा फूट, रुंदी दोन फुटांच्या आसपास. 24 इंची ट्रॉली आडवी पाडून, लांबी आतल्या बाजूला जाईल अशी सरकवली तर ती दर्शनी बाजूला फक्त सव्वा ते दीड फूट जागा खाते. अशा तीन बॅगा एका बर्थखाली आरामात बसतात आणि चपला, पाण्याची बाटली यांनाही जागा उरते. तीच ट्रॉली लांबीने, बर्थला समांतर ठेवली की दोन फूट अडतात, आणि तिसऱ्या माणसाची बॅग मधल्या वाटेत येते. कप्प्यातली निम्मी भांडणं इथून सुरू होतात.

28 इंची बॅग मात्र कशीही ठेवली तरी अडचण करते. आत सरकवली तर तीन-चार इंच बाहेर राहते आणि रात्री उतरणाऱ्याचा पाय तिला लागतो. जाडीकडेही लक्ष हवं. रेल्वेच्या नियमात ट्रंक-सुटकेसचं माप 100 × 60 × 25 सेंटिमीटर आहे, थ्री एसीसाठी त्याहून लहान, 55 × 45 × 22.5 सेंटिमीटर. घरी बॅग भरून झाली की चाकांसकट जाडी मोजा. जादा जागेसाठी दिलेली बाहेरची चेन उघडून बॅग फुगवली असेल तर ती आत जाताना अडकते, आणि जोर लावला की नेमकी तीच चेन फाटते.

चार चाकांची ट्रॉली उभी ठेवू नका. गाडीने ब्रेक मारला की ती घरंगळत वाटेत येते. आडवी पाडा, चाकं आत भिंतीकडे, पकडायची मूठ बाहेर.

बर्थखालच्या जागेचे दोष तीन. एक, तिथे ओल येते. पावसाळ्यात स्लीपरच्या खिडक्यांतून आणि दारांतून पाणी शिरतं, कोणाची तरी बाटली सांडते आणि कापडी बॅग तळातून भिजते. दोन, उंदीर. लाडू, चिवडा, फरसाण असलेली पिशवी रात्रभर जमिनीवर ठेवली की ती कुरतडली जाऊ शकते. खाऊ डब्यात घट्ट बंद करा किंवा वर घ्या. तीन, रात्री दहानंतर तिथे हात पोचत नाही. मधला बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 उघडा ठेवता येतो. तो लागला की खालच्याला ताठ बसता येत नाही आणि बॅग काढायची तर झोपलेल्या माणसाच्या पायाशी गुडघ्यांवर बसावं लागतं. स्वेटर, औषधं, चार्जर, सकाळचा ब्रश हे सगळं दहाच्या आत बाहेर काढून ठेवा.

साखळी आणि कुलूप

बर्थखाली सामान ठेवायचं तर साखळी हवीच. स्टेशनबाहेर किंवा फलाटावर मिळते ती तीन फुटी साखळी एका मोठ्या बॅगेला पुरते. दोन बॅगा एकत्र बांधायच्या तर चार-पाच फुटी घ्या. खालच्या बर्थच्या तळाशी साखळीसाठी लोखंडी कड्या किंवा तारेचे फास असतात. वाकून, मोबाइलचा उजेड मारून ते शोधा आणि हाताने ओढून पाहा, कारण एखादं तुटलेलं असतं. तुटलेलं निघालं तर बर्थला आधार देणाऱ्या लोखंडी चौकटीभोवती साखळी फिरवा. मधल्या बर्थला पेलणाऱ्या साखळ्यांना आणि चढायच्या शिडीला मात्र काहीही बांधू नका.

साखळी बॅगेच्या कुठल्या भागातून घालता हे कुलपाइतकंच महत्त्वाचं. ओढायचा लांब दांडा ॲल्युमिनियमच्या पातळ नळीचा असतो, जोराने पिळला की निखळतो. बाजूची किंवा वरची शिवलेली पकड मजबूत असते, तिच्यातून घाला. साखळी सैल सोडू नका. सैल असेल तर चोर बॅग बाहेर ओढून, उजेडात आणून निवांत उघडू शकतो.

आणि हे नीट समजून घ्या: साखळी बॅग उचलू देत नाही, पण उघडू देते. कापडी बॅगेची चेन बॉलपेनचं टोक दातांत घुसवून फाकवता येते, आणि धावक, म्हणजे चेन उघड-बंद करायची सरकती कडी, एकदा फिरवला की पुन्हा मिटते. घरी पोचेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून चेनचे दोन्ही धावक एकमेकांना आणि बॅगेच्या पक्क्या कडीला धरून एकाच छोट्या कुलपात अडकवा, म्हणजे धावक सरकणार नाही आणि फाकवलेली चेन मिटवता येणार नाही. बॅग ठेवताना चेनची बाजू भिंतीकडे करा. क्लिपांवर बंद होणारी कडक बॅग या बाबतीत सरस ठरते. दागिने आणि रोकड मात्र कुठल्याच बॅगेत, कितीही कुलपं लावली तरी, बर्थखाली ठेवू नये.

किल्लीचं कुलूप की आकड्यांचं? पहाटे उतरायचं असेल तर किल्लीचं बरं. अंधारात आकडे दिसत नाहीत आणि झोपेत चुकतात. किल्ली मात्र पाकिटात न ठेवता गळ्यातल्या दोऱ्यात ठेवा.

वरच्या बर्थवर, उशाशी

पाठीवरची सॅक, लॅपटॉप, कागदपत्रं यांच्यासाठी हीच जागा. वरच्या बर्थपर्यंत वाटेतून जाणाऱ्याचा हात सहज पोचत नाही आणि खिडकी नसल्यामुळे फलाटावरून ओढून नेण्याची भीतीही नाही. पण बर्थ सहा फुटी म्हणजे साधारण 180 सेंटिमीटर. एक फूट जाडीची सॅक उशाशी घेतली की झोपायला दीडशे सेंटिमीटर उरतात. साडेपाच फुटी माणसाला रात्रभर गुडघे मुडपावे लागतात. सॅक चपटी भरली, कपडे घडी घालून वरच्या थरात घेतले, तर तीच उशी होते.

सॅक भिंतीच्या टोकाला, डोकं तिच्यावर, पाय वाटेकडे. उलट झोपलात तर सॅक पायाशी, वाटेच्या बाजूला येते आणि वरच्या बर्थचा सगळा फायदा जातो. एक पट्टा दंडात अडकवून ठेवा. सात-आठ किलोपेक्षा जड काही वर नेऊ नका. धक्क्याने खाली आलं तर ते मधल्या किंवा खालच्या माणसाच्या अंगावर पडतं.

मधल्या बर्थचं सामानाच्या बाबतीत काहीच चांगलं नाही. उंची इतकी कमी की सॅक उशाशी नीट राहत नाही, आणि मोठी बॅग कायम दुसऱ्याच्या बर्थखाली.

साइड लोअर, साइड अप्पर

साइड लोअर म्हणजे समोरासमोरच्या दोन खुर्च्या, पाठी पाडल्या की बर्थ होतो. खालची जागा अरुंद. बॅग आत न सरकवता वाटेला समांतरच ठेवावी लागते, नाहीतर पुढे आलेल्या कोपऱ्याला रात्रभर येणारे-जाणारे आपटत राहतात. तरीही एकट्याने एकच बॅग घेऊन जाणाऱ्याला साइड लोअर सोयीचा आहे: बॅग तुमच्या पाठीखाली, आणि तिघांत वाटून घ्यायचा प्रश्न जवळपास नाही. फक्त खिडकी सांभाळा. गाडी हळू झाली की बाहेरून हात येतो, त्यामुळे खिडकीच्या हुकाला पर्स टांगणं आणि खिडकीशी मोबाइल चार्जिंगला लावून झोपणं टाळा. साइड अप्परवर सॅक भिंतीच्या अंगाला घ्या. वाट अगदी लागून आहे, उभ्या माणसाचा हात तिथवर जातो.

ब्रेकव्हॅन

ब्रेकव्हॅन म्हणजे गाडीतला नोंदवलेलं सामान ठेवायचा डबा. घर बदलताय, किंवा दहा पेट्या सामान आणताय, आणि ते सोबत नेण्याच्या मर्यादेत बसत नाही, तेव्हा याचा विचार करा. स्लीपरमध्ये माणशी 40 किलो मोफत, त्यावर 10 किलोची सूट, आणि पैसे भरून एकूण 80 किलोपर्यंत सोबत नेता येतं. थ्री एसीत 40 मोफत, पण सोबत नेण्याची मर्यादाही 40 च. टू एसीत 50 मोफत, फर्स्ट एसीत 70. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मं. जादा सामान नोंदवलं नाही आणि सापडलं, तर सामानाच्या ठरलेल्या दराच्या सहापट आकारणी होऊ शकते, आधी नोंदवलं तर दीडपट. फरक बघा आणि ठरवा.

नोंदणीसाठी गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी लगेज कार्यालयात पोचायचं. पेटी पक्की बांधलेली, त्यावर नाव, कुठून कुठे हे ठळक लिहिलेलं हवं. पावती जपून ठेवा. किंमत जाहीर करून जादा शुल्क भरलं नसेल तर नुकसानभरपाई किलोमागे 100 रुपयांपुरतीच असते. शिवाय दोन मिनिटांच्या थांब्यावर ब्रेकव्हॅनमधून सामान उतरवून मिळेलच असं धरून चालू नका, नोंदवतानाच विचारा. घाईचं, नाशवंत, मोडणारं सामान इथे देऊ नये. गॅस सिलिंडर, स्टोव्ह, फटाके तर कुठेच नाही, ना ब्रेकव्हॅनमध्ये, ना बर्थखाली.

मग कोणी काय घ्यावं?

एकट्याने जात असाल आणि सामान एका सॅकचं असेल तर वरचा बर्थ, डोळे मिटून. ट्रॉली आणि सॅक दोन्ही असतील तर खालचा. ट्रॉली साखळीत, सॅक उशाशी. चौघांचं कुटुंब असेल तर निदान एक खालचा आणि एक वरचा मागा, म्हणजे मोठ्या बॅगांवर एकाचं लक्ष आणि मौल्यवान वस्तू दुसऱ्याच्या उशाशी. ज्येष्ठांना खालचाच बर्थ हवा, मग त्यांची बॅगही त्याच बर्थखाली ठेवा, समोरच्या नाही. दाराजवळचा पहिला आणि शेवटचा कप्पा शक्यतो टाळा, कारण रात्री चढणारे-उतरणारे तिथूनच जातात. सामान जास्त आणि बजेट परवडत असेल तर टू एसी खरोखर वेगळा अनुभव देतो. मधला बर्थच नसल्याने तीनऐवजी दोघांत जागा वाटायची असते आणि रात्रीही बसून बॅग काढता येते. थ्री एसीत खिडक्या बंद असल्याने बाहेरून हात येण्याची भीती जाते, पण जागेची ओढाताण स्लीपरसारखीच.

उतरण्याचा विचार बॅग ठेवतानाच करायचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने साताऱ्याला जाणारा भल्या पहाटे उतरतो, कोल्हापूरला जाणारा शेवटच्या स्टेशनावर निवांत. साताऱ्याच्या माणसाची बॅग वाटेच्या टोकाला हवी, कोल्हापूरकराची आत खिडकीकडे. कोकणकन्या एक्स्प्रेसने छोट्या स्टेशनांवर उतरणाऱ्यांना तर मिनिटा-दोन मिनिटांत सगळं बाहेर काढायचं असतं. रेल्वेच्या 139 या क्रमांकावर स्टेशन येण्याआधी जागं करण्याची सूचना लावता येते. अर्धा तास आधी उठा, साखळी सोडा, बॅग दाराच्या दिशेने आणा. बॅगा खाली देणारा एक आणि फलाटावर घेणारा एक, हे आधीच ठरवा.

झोपण्यापूर्वी बंद बॅगेचा एक फोटो काढा, साखळी दिसेल असा. तुमच्याजवळच्या सामानाची जबाबदारी कायद्याने तुमचीच आहे. रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच भरपाई मिळते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये हेच म्हटलं की प्रवाशाच्या जवळच्या वस्तूची चोरी ही रेल्वेच्या सेवेतली त्रुटी ठरत नाही. तरीही चोरी झाली तर तक्रार सोडू नका. 139 वर फोन करा किंवा टीसी, आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाला गाठा. तक्रारीचा अर्ज चालत्या गाडीतच भरता येतो, त्यासाठी मधल्या स्टेशनावर उतरावं लागत नाही. अर्जात बॅगेचा रंग, कंपनी, आतल्या वस्तू, बर्थ नंबर आणि बॅग शेवटची कुठल्या स्टेशनाच्या सुमारास पाहिली, हे लिहा. फोटो तेव्हाच कामाला येतो.