बिनखलाशाची बोट: युनिव्हर्सिटीने बनवलेली बरी की कंपनीने?

नॉर्वेत दोन्ही प्रकार झालेत म्हणून तुलना करता येते. एक ट्रॉनहाइमचा, एनटीएनयू युनिव्हर्सिटीची मिलीॲम्पिअर २, छोटी इलेक्ट्रिक फेरी, १२ माणसं बसतात, २०२२ मध्ये कालव्यावर लोकांना खरंच बसवून चालवली आणि त्याच रिसर्चमधून झीबझ कंपनी निघाली. दुसरा यारा बर्कलंड, खतवाली यारा आणि जहाजांचं तंत्रज्ञान बनवणारी कोंग्सबर्ग यांचं ८० मीटरचं कंटेनर जहाज, २०२२ पासून माल नेतंय, पण सुरुवातीला वर क्रू ठेवूनच.

कंपनीकडे पैसा, ठरलेला रूट, त्यामुळे काम भराभर उभं राहतं हे मान्य. पण शिकलेलं बरंचसं तिथेच राहतं. युनिव्हर्सिटीत ते छापून येतं, पोरं पीएचडी करून बाहेर पडतात, हळू होतं पण पसरतं.

मुंबईसाठी मला युनिव्हर्सिटीचाच मार्ग पटतो. भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याच्या लाँचने जाऊन बघा, ओहोटीला गाळ वर येतो, मधे जाळ्यांचे बोये, कोळ्यांच्या होड्या आडव्या येतात आणि तांडेल (बोट चालवणारा) नुसतं पाण्याकडे बघून सुकाणू वळवतो. हे कॅमेऱ्याला शिकवायला खूप डेटा लागणार, पावसाळ्यातला पण, आणि एवढा धीर कंपनीच्या बजेटमध्ये बसणं कठीण. पवईत आयआयटीच्या पोरांनी मत्स्य हे पाण्याखाली आपोआप चालणारं वाहन बनवलंच आहे. जहाजं बांधणाऱ्या माझगाव डॉकने पैसा आणि धक्का द्यावा, आयआयटीने डोकं लावावं, आणि तांडेलांना पगार देऊन टीममध्ये घ्या, नुसतं विचारून सोडू नका.