हृदयासाठी कुत्रा फिरवताय? मग लीश माणूस बघून घ्या

पेट शॉपमध्ये लीश, म्हणजे कुत्र्याला धरून न्यायची पट्टी, मागितली की दुकानदार विचारतो, "कुत्रा कोणता?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. दुसऱ्या टोकाला कोण आहे हेही विचारायला हवं. तीस किलोचा लॅब्राडोर मांजर दिसताच उसळला की झटका कुत्र्याला कमी आणि धरणाऱ्याच्या खांद्याला, छातीला जास्त बसतो. म्हणून बाजारात सर्रास मिळणारे प्रकार इथे हृदयासाठी चालणाऱ्या माणसाच्या बाजूने तपासले आहेत.

कुत्रा पाळण्याचा हृदयाला फायदा होतो, या म्हणण्याला आधार आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2013 मध्ये सावध शब्दांत सांगितलं की पाळीव प्राणी, विशेषतः कुत्रा, असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका कमी असण्याशी संबंध दिसतो. पण निव्वळ त्यासाठी कुत्रा आणू नये. 2019 मध्ये स्वीडनमधल्या नोंदींवरून दिसलं की हार्ट अटॅकनंतर एकट्या राहणाऱ्यांमध्ये कुत्रा असलेल्यांचा मृत्यूचा धोका 33 टक्क्यांनी कमी होता, जोडीदार किंवा मुलांसोबत राहणाऱ्यांमध्ये 15 टक्क्यांनी. ही निरीक्षणं आहेत, प्रयोग नव्हेत. मुळात तब्येत बरी असलेले लोकच कुत्रा पाळतात, ही शक्यता त्यातून पूर्ण जात नाही. सोबतीचा भाग आहेच, पण आपल्या हातात सगळ्यात जास्त असतं ते रोजचं चालणं. पगारी डॉग वॉकर ठेवला की हा हिस्सा त्याच्या हृदयाच्या खात्यात जमा होतो!

सर्वात आधी बाद करायची ती गुंडाळणारी लीश, म्हणजे प्लॅस्टिकच्या मुठीतून पाच-आठ मीटर सुटणारी आणि बटण दाबून अडवायची. दिसायला सोयीची, पण आतल्या स्प्रिंगमुळे दोरी कायम ताणलेली राहते आणि ओढलं की पुढे जाता येतं हे कुत्रा दोन दिवसांत शिकतो. आपल्या रस्त्यांवर पाच मीटर पुढचा कुत्रा म्हणजे थेट दुचाकीखाली. सुटलेली बारीक दोरी घाबरून हाताने पकडली की तळवा कापतो. मूठ निसटली तर ती खडखडत कुत्र्याच्या मागे येते आणि तो आणखी जोरात पळतो. मोकळं मैदान असेल तरच घ्या; रस्त्यासाठी शून्य गुण.

कमरेला बांधायची हँड्स-फ्री लीश जॉगिंग करणाऱ्यांना आवडते. कुत्रा शिकलेला, पंधरा किलोच्या आतला आणि माणूस धडधाकट असेल तर ती छानच, कारण हात मोकळे हलतात आणि वेग टिकतो. पण कमरेला बसलेल्या झटक्याने तोल गेला तर ती हातातून सोडून देता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने हा प्रकार घेऊच नये. डोक्यावर पडणं त्यांना इतरांपेक्षा फार महाग पडतं.

बायपास झालेल्यांनी कुठलीच लीश घाईने हातात घेऊ नये. कापून तारेने बांधलेलं छातीचं हाड सांधायला साधारण सहा ते बारा आठवडे जातात. पेसमेकर बसवल्यावरही पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूच्या हाताला हिसका बसता कामा नये, नाहीतर आतली तार जागची हलू शकते. तोवर कुत्रा घरातल्या दुसऱ्याने धरावा आणि आपण रिकाम्या हाताने सोबत चालावं. पुढे लीश धरायची परवानगी डॉक्टरांकडूनच घ्यावी. पेसमेकरवाल्यांनी आणखी एक बघावं: हल्ली काही गळपट्ट्यांना आणि लीशना चुंबकी बक्कल येतं. चुंबक यंत्रापासून किमान 15 सेंटीमीटर लांब हवा, म्हणजे लहान कुत्र्याला छातीशी उचलून घेतलं की संपलं. साधं दाबाचं बक्कल घ्या.

राहिली साधी, पाच-सहा फुटांची लीश. आमची पसंती हीच. दहा किलोपर्यंतच्या कुत्र्याला 15 मिलिमीटर रुंदीची पुरते, इंडी (देशी कुत्रा) किंवा बीगलला 20, लॅब किंवा जर्मन शेफर्डला 25. स्वस्त नायलॉन ओलं झालं की हातातून सरकतं आणि तळव्याला चरचरतं, म्हणून मुठीच्या जागी अस्तर लावलेली घ्या. मुंबई-कोकणच्या हवेत लोखंडी हुक एका पावसाळ्यात गंजतो आणि त्याची खिटी अडकते. हुक पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा हवा.

धरायची पद्धत तर लीशपेक्षा महत्त्वाची. लीशच्या टोकाचा फास अंगठ्यात अडकवून वरून मूठ मिटा आणि दुसऱ्या हाताने मधली पट्टी धरा. बोटांना किंवा मनगटाला वेढे देऊ नका. हिसका बसला की बोट मोडतं ते याच सवयीने.

गळपट्टा ओळखबिल्ल्यापुरता ठेवा, ओढ मात्र हार्नेसवर, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांवर, येऊ द्या. पग, पोमेरेनियन, शिट्झू यांच्या श्वासनलिकेवर गळपट्ट्याचा दाब पडणं विशेष वाईट. हार्नेस समोरून वाय आकाराचा घ्या. खांद्यावरून आडवी पट्टी जाणारा पाय मोकळा पडू देत नाही. माप जातीवरून ठरवू नका. पुढच्या पायांच्या जरा मागे छातीभोवती टेप धरा. पट्टीखाली दोन बोटं शिरावीत, काखेत ती घासू नये. ओढणाऱ्या कुत्र्याची लीश छातीवरच्या कडीला लावली की ओढताच तो बाजूला वळतो आणि त्याचा जोर मोडतो. पण ती लांब सोडली तर पायात अडकते.

हार्नेसची एक खोट दुकानात कळत नाही. गल्लीतली कुत्री अंगावर आली की आपला कुत्रा मागे रेटतो आणि हार्नेसमधून डोकं काढून मोकळा होतो. उपाय स्वस्त आहे: हार्नेसची कडी आणि गळपट्टा जोडणारी एक छोटी सुरक्षा पट्टी. ती नसेल तर हार्नेसची खरेदी अर्धवट समजा.

सगळं नीट असूनही दर खांबाला थांबत गेलात तर हृदयाला फारसं काही मिळत नाही. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम वेगाचं चालणं लागतं, म्हणजे मिनिटाला सुमारे शंभर पावलं. बोलता यावं, पण गाता येऊ नये. म्हणून फेरीचे भाग करा. पहिली दहा मिनिटं लीश सैल, हुंगणं आणि शू-शी. मग वीस-पंचवीस मिनिटं लीश आखूड करून सरळ चाल. शेवटी पुन्हा हुंगायला मोकळीक. तेवढ्यात तुमचंही कूल-डाउन होतं. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका, औषध ते फारसे वाढू देत नाही. बोलण्याची कसोटीच धरा. छातीत दाटलं तर तिथेच थांबा, बसा, आणि डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी खिशात असू द्या.

एप्रिल-मेमध्ये डांबराला हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर कुत्र्याला नेऊ नका. चपटं नाक असलेल्या पगला तर उन्हाळ्यात वीस मिनिटांची भरभर चाल झेपतच नाही. त्याला थोडं फिरवून घरी सोडा आणि उरलेलं एकटे चाला.

घेताना दुकानातच हुक वीसेक वेळा उघडमीट करून बघा आणि लीश दोन्ही हातांनी जोरात ताणा. फासाजवळची शिवण चौकट-फुलीची असेल तर उत्तम. एकाच सरळ ओळीची असेल तर ती लीश तिथेच ठेवून या.